माझगावातलं चार तालुक्यांचं देऊळ

हार्बर लाइनवरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडलं की एका बाजूला भंडारवाड्याची टेकडी आणि तिच्यावरचं जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, दुसऱ्या बाजूला गोदीची भिंत. मधल्या नवाब टँक रोडवर जुन्या चाळी, गोदामं, टेम्पो आणि सायकल दुरुस्तीच्या टपऱ्या यांच्या गर्दीत एक जुनं घर उभं आहे. त्याला कळस नाही, दीपमाळ नाही, समोर तुळशीवृंदावनही नाही. घराचा लाल रंग आणि दारावरची चिनी अक्षरं पाहिल्यावरच पाय थबकतो. हे सी यप कून. १९१९ साली बांधलेलं, मुंबईत उरलेलं एकमेव चिनी देऊळ.

आम्हा सिंधुदुर्गातल्या लोकांना हा परिसर परका नाही. कोकण बोट चालत होती तेव्हा विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले इथे बोटीत चढलेलं माणूस भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, आणि धक्क्याला सगळ्यात जवळचं स्टेशन हेच. आमच्या नांदगावच्या तिठ्यावरून देवगडकडे फाटा जातो. त्या फाट्यानं बंदर गाठून बोटीत बसलेल्या किती जणांनी डोक्यावर ट्रंक, हातात फणसाचं ओझं आणि खिशात कुणाच्या तरी खोलीचा पत्ता घेऊन माझगावचे हे रस्ते तुडवले असतील! त्यांतल्या अनेकांनी हे लाल दार पाहिलं असणार. वर्तमानपत्रांत या देवळाबद्दल अधूनमधून छापून येतं ते ‘मुंबईतली एक गंमत’ म्हणून. मला ती गंमत वाटत नाही. गाव सोडून बंदरावर पोट भरायला आलेल्या माणसांनी परक्या शहरात गावाच्या नावानं घेतलेली ही एक खोली आहे, आणि तिच्यात त्यांनी देव बसवला आहे. ती ओळखायला चिनी भाषा यावी लागत नाही, चाकरमान्याच्या घरात जन्म झालेला असला की पुरे.

सी यप म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातले चार तालुके: ताइशान, काइपिंग, एन्पिंग आणि शिन्हुई. कून म्हणजे त्या चार तालुक्यांच्या लोकांचं सभागृह. पर्ल नदीच्या मुखाच्या पश्चिमेला असलेला हा मुलूख डोंगराळ, भातजमीन थोडी, तोंडं फार, समुद्र मात्र अंगणात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथले पुरुष घराबाहेर पडू लागले. अफूच्या युद्धांनी हाँगकाँगचं बंदर इंग्रजांच्या हाती गेलं होतं आणि तिथून जगभर जहाजं सुटत होती. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तिकडे धाव घेणाऱ्या चिन्यांत या चार तालुक्यांतले लोक फार मोठ्या संख्येनं होते. अमेरिकेतले लोहमार्ग बांधण्यातही तेच पुढे होते. १८८२ साली अमेरिकेनं चिनी मजुरांना दार बंद केलं, तरी जगातली बाकीची बंदरं होतीच.

गावी पैसा यायचा तो बाहेरून. काइपिंगमध्ये या पैशांतून बांधलेले उंच, किल्ल्यासारखे दगडी-सिमेंटचे मनोरे अजून भाताच्या शेतांमध्ये उभे आहेत. दरोडेखोरांपासून आणि पुरापासून घर वाचावं म्हणून ते बांधले गेले. २००७ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांचे फोटो पाहताना मला आपल्या वाड्यांतली ‘मुंबईच्या पैशांतून’ झालेली चिरेबंदी घरं आठवतात. रत्नागिरी जिल्ह्याला, म्हणजे १ मे १९८१ला सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीच्या अख्ख्या मुलखाला, मनिऑर्डरीवर जगणारा जिल्हा म्हणत. ताइशानबद्दल तिथले लोक याहून वेगळं काही सांगणार नाहीत. बायका शेती करायच्या, म्हातारे आईबाप पोस्टाची वाट बघायचे आणि पुरुष दोन-चार वर्षांनी एकदा यायचे.

हे लोक जिथे गेले तिथे त्यांनी आधी आपल्या तालुक्यांचं सभागृह उभारलं आणि त्यात देव बसवला. दक्षिण मेलबर्नमधलं सी यप मंदिर १८६६चं आहे. सिडनीच्या ग्लीब भागातलं झे यप मंदिर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात सी इप चर्च आहे. कोलकात्यात चिनी देवळांनाही चर्चच म्हणतात. माझगावचं घर याच माळेतलं आहे, फक्त आपल्याकडे ते एकटं पडलं.

मुंबईत हे लोक आले ते मुख्यतः जहाजांवरून. त्याआधी मुंबई-चीन व्यापार जुना होता, पण त्यात जाणारे आपले होते. माळव्याची अफू आणि गुजरातचा कापूस भरून पारशी व्यापाऱ्यांची गलबतं कँटनला जायची आणि येताना रेशीम, चहा, चिनीमाती घेऊन यायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच व्यापारातली. पारशी बायकांच्या गारा साडीवरचं भरतकाम तिथलंच, आणि आपल्या माजघरात लोणच्याची जी चिनीमातीची बरणी असते तिचं नाव कुठून आलं हेही वेगळं सांगायला नको. आगबोटींच्या काळात मात्र चिनी माणूस स्वतः इथे आला. इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर कामाची वाटणी जातीसारखी पक्की असे. डेकवर कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी आणि त्यांचे सारंग, जेवणाखाण्याच्या विभागात गोव्याचे ख्रिस्ती, आणि सुतारकामाला चिनी. जहाज गोदीत दुरुस्तीला लागलं की महिना-महिना हे लोक माझगावात अडकून पडत. गोवेकरांसाठी धोबीतलाव-माझगाव भागात गावोगावचे कूड, म्हणजे राहायचे क्लब, होते, कोकण्यांसाठी गाववाल्यांच्या खोल्या होत्या. चार तालुक्यांच्या लोकांसाठी सी यप कून होतं.

गाववाल्यांची खोली म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं. दिवसपाळीवाले उठले की त्यांच्याच चटईवर रात्रपाळीवाले आडवे व्हायचे. भिंतीला ओळीनं खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकाचा शर्ट, खाली त्याची ट्रंक. ट्रंक ठेवण्याएवढ्या जागेलाच हक्क म्हणायचे. भाडं वर्गणीनं. कोपऱ्यात ग्रामदैवताची तसबीर, तिच्यापुढे नारळ. नवा पोरगा गावाहून आला की आधी तसबिरीला हात जोडायचे, मग कुणाची तरी ओळख लावून गिरणीत नाही तर गोदीत चिकटवायचं. कुणी आजारी पडलं तर इस्पितळ खोलीनं करायचं, कुणी गेलं तर मढं खोलीनं उचलायचं आणि गावाला तार करायची. गावच्या देवळाचा जीर्णोद्धारही याच खोलीच्या पावतीपुस्तकावर व्हायचा. सी यप कूनची कामं हीच. उतरलेल्या खलाशाला आसरा, बेकाराला कामाची खबर, भांडणात निवाडा, वर्षाच्या सणाला एकत्र जेवण आणि मेलेल्याचं क्रियाकर्म. अँटॉप हिलला चिन्यांची दफनभूमी आहे. चैत्राच्या सुमारास, इंग्रजी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या चिंगमिंगला घरचे लोक तिथे जाऊन थडगी साफ करतात, उदबत्त्या लावतात, अन्न ठेवतात.

देवळातला मुख्य देव क्वान कुंग. मंदारिन उच्चारात ग्वान यू. हा पुराणातला नव्हे, इतिहासातला माणूस. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हान साम्राज्य मोडकळीला आलं, तेव्हा लिऊ बेई या सरदाराच्या बाजूनं तो लढला आणि २२० साली शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. चौदाव्या शतकातल्या ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीनं त्याला घराघरांत नेलं. लिऊ बेई, ग्वान यू आणि झांग फेई या तिघांनी पीचच्या बागेत घेतलेली भावकीची शपथ चिनी पोरासोरांना पाठ असते. तिघांचं रक्त एक नव्हतं, पण शपथेनं ते भाऊ झाले. लालबुंद चेहरा, छातीवर रुळणारी लांब काळी दाढी, हातात चंद्रकोरीच्या पात्याचं लांब दांड्याचं शस्त्र, अशी त्याची मूर्ती ओळखायला सोपी. पुढच्या राजघराण्यांनी त्याला एकावर एक किताब दिले आणि मिंग काळात तो सम्राटपदाला पोचला.

ग्वान यू मूळचा उत्तरेकडच्या शान्शी प्रांतातला. चार तालुक्यांशी त्याचं जन्माचं नातं नाही. मग दक्षिणेच्या खलाशांनी, सुतारांनी, दुकानदारांनी हाच देव का निवडला? मला वाटतं, याचं उत्तर त्या शपथेत आहे. घरापासून हजारो मैलांवर सख्खा भाऊ, चुलता, मामा कुणीच नसतो. भागीदारीत दुकान काढायचं, उसनवारी करायची, कुणाच्या हातून गावी पैसे पाठवायचे तर विश्वास कुणावर ठेवायचा? क्वान कुंगपुढे दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढ्या एका आधारावर परकी माणसं एकमेकांची भावकी झाली. म्हणूनच तो योद्धा असून व्यापाऱ्यांचाही देव आहे, आणि हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही त्याची तसबीर असते.

आपल्या वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा असाच उभा आहे, पुरुषभराहून उंच, हातात तलवार. रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. केळ्यांचे घड वाहतात. आरवलीचा माणूस मुंबईत असो नाही तर मस्कतला, अडचणीत तोंडून नाव वेतोबाचंच येतं. असा राखणदार ज्यांच्या घरी आहे त्यांना माझगावच्या लाल चेहऱ्याच्या देवाची ओळख करून द्यावी लागू नये.

देवाच्या शेजारी क्वान यिनलाही जागा आहे. करुणेची ही देवी मुळात आपल्याकडची. अवलोकितेश्वर बोधिसत्त्व भारतातून चीनला गेला आणि काही शतकांत तिथे स्त्रीरूप झाला. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात संकटातल्या भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. आग, चोर, साप, हत्ती यांच्या बरोबरीनं त्यात बुडणाऱ्या नावेतली माणसंही हात जोडून उभी आहेत. मुंबईत, कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही हा विषय आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी बौद्ध भिक्षू फाहियान सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे परत निघाला तेव्हा वादळात त्यानं याच देवाचा धावा केला होता, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. साष्टीच्या डोंगरात कोरलेला हा खलाशांचा तारणहार दीड हजार वर्षांनी चिनी खलाशांबरोबर बाई होऊन माझगावच्या धक्क्याला लागला. इतका लांबचा फेरा घालून माघारी आलेलं दैवत मला दुसरं माहीत नाही.

जिना चढून वर गेलं की धुपाचा वास आधी येतो. लाल आणि सोनेरी रंग, कोरीव लाकूड, भिंतींवर उभ्या ओळींतली अक्षरं, पुढ्यात संत्री, चहाचे छोटे पेले, तेलाचा दिवा. इथला धर्म एका ग्रंथाचा नाही. ताओ पंथ, बौद्ध धर्म, पूर्वजांची पूजा, गावचे देव हे सगळं त्यात एकमेकांत मिसळलेलं आहे, आणि त्याचा कुणाला त्रास होत नाही. पुरोहिताची सक्ती नाही. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं घालायचं. सणाला नैवेद्यात कोंबडी आणि डुकराचं मांस चालतं. आपल्याकडेही राखणेला कोंबडा लागतोच.

मला या देवळातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते नशीब विचारण्याची रीत. बांबूच्या नळकांड्यात क्रमांक घातलेल्या पट्ट्या असतात. भक्त गुडघ्यांवर बसून मनातला प्रश्न देवापुढे मांडतो आणि नळकांडं थोडं तिरकं धरून हलवू लागतो. घाई केली तर मूठभर पट्ट्या एकदम सांडतात आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. हात सावकाश चालला की एक पट्टी इतरांच्या वर डोकं काढते, सरकत सरकत कडेवर येते आणि एकटीच खाली पडते. पण तेवढ्यानं भागत नाही. ही पट्टी देवाला मान्य आहे का, हे विचारायला अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे टाकायचे. त्यांची एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला म्हणायचं, दोन्ही फुगीर आल्या तर नकार. होकार मिळाला की पट्टीच्या क्रमांकाची चिठ्ठी काढायची. तिच्यावर जुन्या चिनी भाषेतल्या पद्याच्या ओळी असतात आणि त्यांचा अर्थ जाणत्या माणसाकडून लावून घ्यायचा.

हा कौलच आहे. रवळनाथाच्या नाही तर सातेरीच्या पाषाणाला पाण्यानं कळे चिकटवायचे, गावकरी गाऱ्हाणं घालणार, जमलेले ‘व्हय महाराजा’ म्हणणार आणि मग उजवा कळा पडतो की डावा याकडे सगळ्यांचे डोळे. लग्न, जमीन, आजार, परगावचा प्रवास, सगळं देवाला विचारून. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कुठल्या दिवशी भरायची हेही पंचांग ठरवत नाही, कौल ठरवतो. एक फरक मात्र मोठा आहे. आमचा कौल उघड लागतो, सबंध गावासमोर. माझगावात माणूस आणि देव असा दोघांतलाच व्यवहार असतो. गाव मागे सोडून आलेल्या माणसाला कदाचित तसाच करावा लागत असेल.

पंचांगाचंही नातं जवळचं आहे. चिनी महिने चंद्राचे, आणि ऋतूंशी मेळ राखायला त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात. नवं वर्ष आपल्या पौषी, क्वचित माघी अमावास्येच्या आगेमागे येतं. त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्राचा उत्सव, गोड सारणाच्या गोल वड्या खाऊन. ही पौर्णिमा कधी भाद्रपदातली, कधी आश्विनातली असते. २०२५ साली ६ ऑक्टोबरला कोजागरी आणि चंद्रोत्सव एकाच रात्री आले होते.

दुसऱ्या महायुद्धात जपाननं चीनची बंदरं घेतली आणि अनेक चिनी खलाशी भारतात अडकले. १४ एप्रिल १९४४ला ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटानं गोदी उद्ध्वस्त झाली, तो हादरा या वस्तीनंही सोसला. तरी चाळीस-पन्नासच्या दशकांत मुंबईतली चिनी वस्ती नांदती होती. कामाठीपुऱ्याजवळ सुखलाजी स्ट्रीटला त्यांची घरं होती. डोक्यावर गाठोडं घेऊन दारोदार रेशीम विकणारे होते, चांभारकाम करणारे होते, केशकर्तनालयं होती. हुबेई प्रांतातून आलेल्या दंतवैद्यांच्या पाट्या तर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत लागल्या. कुलाब्याचं नानकिंग, चर्चगेटचं कामलिंग ही उपाहारगृहं मोठ्या लोकांत नावाजली. हिंदी सिनेमा मात्र चिनी म्हटला की तस्कर दाखवत होता. १९५८च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये मदन पुरीनं केलेला चिनी खलनायक अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल.

मग १९६२ आलं. युद्ध महिनाभराचं, पण त्यानं या समाजाचा कणा मोडला. भारत संरक्षण कायद्याखाली सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. त्यांत बहुसंख्य आसाम आणि बंगालकडचे होते. आसामातल्या माकुमसारख्या गावांतल्या चिनी वस्त्या रातोरात रिकाम्या झाल्या. लहान पोरं, गरोदर बायका, भारतात जन्मलेली माणसं, कुणाचा अपवाद केला नाही. काही जण १९६७पर्यंत आत होते. बाहेर राहिलेल्यांना पोलिसांकडे नोंद करावी लागे, गावाबाहेर जायला परवानगी काढावी लागे. यांतल्या कुणावर हेरगिरीचा गुन्हा शाबीत होऊन त्यांना डांबलं होतं असं नाही. चेहरा आणि आडनाव हाच पुरावा. आपल्या लोकशाहीनं आपल्याच माणसांवर केलेला हा अन्याय आहे आणि त्याबद्दल सरकारनं आजवर माफी मागितलेली नाही. मुंबईतल्याही अनेक घरांनी दुकानं मिळेल त्या भावात विकली आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची वाट धरली. चार तालुक्यांच्या माणसांचं हे दुसरं परागंदा होणं.

जे राहिले त्यांनी देऊळ सांभाळलं. हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. ज्या काळात दारावरची चिनी पाटी शेजाऱ्यांच्या नजरेत सलत होती, त्या काळातही दिवा लागत राहिला. जुनी खलाशांची वर्दळ कधीच संपली होती, सुतार लागत नव्हते, जहाजं बदलली होती. आज नववर्षाच्या आदल्या रात्री मुंबईभर पांगलेली चिनी कुटुंबं इथे जमतात. मध्यरात्री उदबत्त्या पेटतात, पूर्वजांसाठी कागदी नोटा जाळतात, सिंहनृत्य होतं. बिगरचिनी लोकही येतात, शेजारपाजारचे, कॉलेजातली मुलं, कॅमेरेवाले. देवळाची मंडळी कुणाला दारातून परत पाठवत नाहीत.

गंमत अशी की याच काळात चिनी जेवण महाराष्ट्राच्या गल्लीबोळांत पोचलं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगतात. आज आमच्याकडच्या जत्रेत दशावताराचा रंगमंच, खाज्याची दुकानं आणि ‘चायनीज’ची लाल गाडी एका रांगेत असतात. गाडीवरचा पोरगा मालवणीत बोलतो. मुंबईच्या चिनी लोकांचा आपल्या ताटाशी एवढा संबंध आला, पण त्यांच्या देवळाचा पत्ता आपल्याला सांगता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गिरण्या बंद झाल्यावर गाववाल्यांच्या खोल्याही एकेक करून गेल्या. काही बिल्डरला, काही भाऊबंदकीत. त्यांच्या वर्गणीच्या वह्या रद्दीत गेल्या. कुठल्या वाडीतला कोण कुठल्या साली आला, कुणी कुणाला गिरणीत लावलं, गावच्या देवळाला घंटा कुणी दिली, हा सगळा इतिहास त्या वह्यांत होता. सी यप कूनमध्ये तो अजून भिंतीवर टांगलेल्या फलकांच्या अक्षरांत आहे. पण मुंबईतल्या तरुण चिनी पिढीची बोली हिंदी आणि इंग्रजी झाली आहे, कँटोनी बोलणारे म्हातारे झाले आहेत आणि जुनी अक्षरं वाचू शकणारे त्याहून थोडे. मुंबई विद्यापीठानं नाही तर एखाद्या इतिहास मंडळानं देवळाच्या विश्वस्तांच्या परवानगीनं हे फलक वाचून, त्यांचे फोटो काढून, मराठीत उतरवून घ्यावेत. त्याच कामात माझगाव-लालबागेत उरलेल्या ग्रामस्थ मंडळांच्या वह्याही घ्याव्यात. आमच्या कणकवली तालुक्यातल्या मंडळांकडे अजून काही वह्या आहेत. ज्यांच्या घरी ट्रंकेत अशी वही असेल, त्यांनी ती येत्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नये.